लालसाबचाचांनी उपटलेली रोपं

शुक्रवार पेठेतल्या सुकामेव्याच्या दुकानात लालसाबचाचांनी बेचाळीस वर्षं अक्रोड निवडले. तळहातावर घेऊन जरा हलवायचा, की झालं. पोचट असेल तर बाजूला. एका अक्रोडाकडे दुसऱ्यांदा बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. शेजारीच माझं शिलाईचं दुकान, त्यामुळे त्यांचा हा तोरा मी रोज पाहिला.

मरायच्या आधी स्वतःच्या झाडाचा अक्रोड फोडायचा, हा त्यांचा एकच ध्यास. थंड डोंगरातलं झाड, आणि लावायचं कुठं, तर सोलापूरच्या उन्हात. मी हसायचो.

"हास की, यशपाल," ते म्हणायचे. "पैला अक्रोड तुलाच देतो."

सोलापूरजवळच्या मैंदर्गी गावी त्यांच्या बायकोच्या, जाहिदाचाचींच्या, माहेरच्या विहिरीजवळ त्यांनी अकरा वर्षं रोपं केली. बी म्हणून दुकानातला पातळ कवचाचा, पांढऱ्या गराचा निवडक माल. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत ज्या रोपांना पालवी फुटे ती ठेवायची, मार्च सरला तरी काटकीसारखी उभी असत ती आळशी म्हणून उपटून कुंपणाजवळ टाकायची. माल निवडायची सवयच ती. यंदा मीही बरोबर होतो; चार तर मीच उपटली. ठेवलेली मात्र दर मे महिन्यात करपून जात.

यंदाही करपली. गावात रोपवाटिका चालवणारा बसवेश बघायला आला.

"उशिरा फुटणारी कुटं हायती?" त्यानं विचारलं.

"टाकली. ज्याचं रोप मंद, त्याचा गर काय चांगला असनार?"

"पालवीचा आन् गराचा काय संबंध, चाचा? उनाळा झोपून काढतंय तेच हितं टिकलं असतं."

चाचांनी एक करपलेलं रोप हलवून पाहिलं. मग म्हणाले, "मी टाकली ती सगळी चांगली व्हती?"

"सगळी न्हाय. एखाददुसरं. कुटलं, ते आता कोन सांगनार?"

"आज बी लावलं तर?"

"फळाला धा-बारा वर्सं. हितं थंडी न्हाय, मग तेबी नक्की न्हाय."

चाचा एकाहत्तरचे. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि माझ्या त्या चार रोपांची लाज वाटली.

आम्ही विहिरीवरून चाचींच्या माहेरघरी आलो. चाचींनी चहा पुढं केला.

"कुंपणाजवळच्या उपटलेल्या काटक्या कुटं हायत?" चाचांनी विचारलं. "एखादीत जीव असंल."

"त्या व्हय?" चाची म्हणाल्या. "ह्या चहालाच जाळल्या की."

चाचांनी कप उचलला आणि चहा पिऊन टाकला.