द्राक्षाच्या पेटीतला कागद

तृप्ती हैदराबादला नोकरीला गेली आणि दीपमालाच्या जिवाला घोर लागला. पोरगी वेळेवर जेवते का, ऑफिसातून अंधारात एकटीच येते का, हे तिच्या मनातून जाता जाईना. विचारलं की पलीकडून "हो गं आई" एवढंच यायचं, आणि त्यावर विश्वास ठेवेल ती दीपमाला कसली! हैदराबादपर्यंत हात पोचेना, मग ती सगळी काळजी घरातल्या पिंजऱ्यावर जाऊन बसली.

पिंजऱ्यात तृप्तीचे दोन लव्हबर्ड होते. पिवळा लिंबू आणि निळा निळू. निळूला तर तिनं पिल्लू असताना चमच्यानं भरवून वाढवलेलं. जाताना ती बजावून गेली होती, "आई, तळाला साधा पेपर घाल, रोज बदल. बाकी डोकं लावू नकोस."

दीपमाला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. तिनं डोकं लावलं. पेपरची शाई पोटात गेली तर, म्हणून पहिल्याच दिवशी पेपर बाद केला.

"तीस वर्षं मी तोच पेपर वाचतोय," तिचा नवरा सुनील म्हणाला. "मला काही झालं का?"

"त्यावर मी काही बोलत नाही."

वाळू पक्षी खातात, बाद. लाकडाचा भुसा नाकात जातो, बाद. जुन्या साडीचा तुकडा घातला तर निळूचं नख धाग्यात अडकलं, आणि सोडवणाऱ्या बोटाला तो कडकडून चावला.

अशात सुनीलचे मावसभाऊ खंडेराव पिंपळगावहून एक्स्पोर्टच्या द्राक्षांची पेटी देऊन गेले. द्राक्षांवर पांढराशुभ्र, जाडसर कागद पसरलेला. तो पाहून दीपमालाला भरून आलं. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांना चालतो, तो आपल्या पाखरांना का चालू नये? कागदाच्या एका बाजूला बारीक इंग्रजी मजकूर होता. शाई नको म्हणून तिनं तो न वाचताच ती बाजू खाली घातली.

संध्याकाळी दोघांनी वाटीतल्या पाण्यात पंख फडफडवून आंघोळ केली. कागद ओला झाला. सकाळी खोलीत काडी ओढल्यासारखा वास येत होता. लिंबू शिंकत होता. निळू पिसं फुगवून, डोळे मिटून बसला होता आणि दर श्वासाला त्याची शेपटी वरखाली होत होती.

तेवढ्यात खंडेरावांचा फोन आला. "कशी निघाली द्राक्षं, वहिनी?"

"छान आहेत हो भाऊजी. पण पाखरू आजारी पडलंय. तुमच्या पेटीतला तो स्वच्छ कागदसुद्धा घातला होता मी खाली."

खंडेरावांचा आवाज एकदम चढला. "वहिनी, तो कागद नाय. त्यात पावडर राहती. ओल लागली का गंधकाचा वायू सुटतो, म्हणून तर माल टिकतो. आधी काढा तो. तुम्ही तर लय शिकलेल्या, मला वाटलं तुम्हाला म्हाईत हाय."

म्हाईत होतं. सल्फर डायऑक्साइडवर शेवटच्या वर्षाला दहा मार्कांचा प्रश्न होता. दीपमालाला आठ पडले होते.

कागद बाहेर फेकून तिनं पाखरांना रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब दिले. लिंबूला धोका नाही, पण निळूच्या छातीला त्रास झालाय, दोन दिवस काही सांगता येत नाही, म्हणाले.

"आणि तळाला काय घालू?"

"साधा पेपर घाला."

घरी आल्यावर सुनील म्हणाला, "तृप्तीला इतक्यात सांगू नकोस. अगदीच काही झालं तर असाच निळा दुसरा आणू."

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे दीपमालानं यावर चांगली दहा मिनिटं विचार केला. अगदी तोच निळा कुठल्या दुकानात मिळेल, इथवर पोचली ती. मग निळूनं डोळा किलकिला करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. हा जायचाच असेल, तर जिनं भरवलं तिला शेवटचा दिसायला तरी हवा. पोरगी चिडेल, रडेल, 'सांगितलं होतं ना' म्हणेल. म्हणू दे.

तृप्तीच्या लंच ब्रेकला अजून अर्धा तास होता. तेवढं थांबायचं नाही, असं तिनं ठरवलं. व्हिडिओ कॉलच करायचा. तृप्तीला निळू दिसला पाहिजे, आणि आईचं तोंडही. तिनं पिंजरा जवळ ओढला आणि मोबाइल हातात घेतला.