सर्वणची पांढरी सहा

“हिचा आवाज पोटात जाता गो, कानात येना,” असं म्हणून पुंडलीकबुवांनी हार्मोनियमचा भाता थांबवला. तबला थांबला, टाळ थांबले, मग मीही थांबले. बेस गिटार थांबलेली एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी मात्र सर्वणच्या देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना हायसं वाटल्यासारखी शांतता पसरली.

ही आमची पहिली रिहर्सल. एकाच अभंगाची दोन कडवी झाली होती.

मी बावीस वर्षं बेस वाजवते. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. साध्या गिटारीपेक्षा तिचा सूर एक सप्तक खाली असतो. तिच्यावर सहसा गाणं वाजवत नाहीत, गाण्याच्या खालची जमीन धरतात. माझी सुरुवात साध्या गिटारवरच झाली होती. आमच्या बँडचा बेसवाला बोटीवर नोकरीला गेला आणि “तू उंच आहेस, तुझी बोटं पोचतील,” असं शास्त्रीय कारण देऊन सगळ्यांनी ती माझ्या गळ्यात घातली. तेव्हापासून दर शनिवारी केरीला बीचवरच्या एका हॉटेलात आणि सीझनमध्ये लग्नांत वाजवते. अजूनही अँप, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारं खोकं, उतरवून घेताना लोक माझ्या नवऱ्याला विचारतात, “वाजवायला कुठं बसणार तुम्ही?” त्याचं डिचोलीत स्कूटरचं गॅरेज आहे. तो माझ्याकडे बोट दाखवतो आणि चहा शोधायला जातो.

सर्वण माझं माहेर. गोव्यातल्या बहुतेक तालुक्यांत माझा अँप जाऊन आला, पण सर्वणात मी कधी वाजवलं नव्हतं. गावाच्या लेखी मी ‘हॉटेलात कामाला’ होते. नक्की काय काम, हे विचारायचं सौजन्याने टाळलं जायचं. आईनेही मला कधी ऐकलं नव्हतं. हॉटेलात ती येणार नाही आणि तिच्या घरात मी अँप लावणार नाही, असा आमचा न बोलता झालेला समझोता होता.

यंदा देवळाच्या वर्धापनदिनाला पुंडलीकबुवांचं भजन ठरलं. बुवांची मुलगी मेधा डिचोलीच्या शाळेत संगीत शिकवते. तिच्या डोक्यात आलं की बाबांच्या भजनाखाली बेस घालून बघावा. तिने मला विचारलं, मी लगेच हो म्हटलं. बुवांनी मात्र दोन दिवस घेतले. वय शहात्तर, गावातली निम्मी पुरुषमंडळी त्यांच्याकडे टाळ धरायला शिकलेली. शेवटी म्हणाले, “येवंदे. पण माका बरा वाटला तर.” देवस्थान समितीचे अध्यक्ष भाई यांनी त्याला सरकारी रूप दिलं. चार रिहर्सल होतील, चौथीला बुवा सांगतील ते अंतिम.

मी आईला पहिल्या रांगेतली जागा सांगून बसले होते. हा माझा उतावळेपणा.

तर, आवाज पोटात जातो आणि कानात येत नाही. आमच्या धंद्यात ही तक्रार नवी नाही. बेसचे खालचे सूर मोठ्या जागेत घुमतात, एकमेकांत मिसळतात आणि गढूळ होतात. देवळाचा मंडप, खाली लादी, वर घुमट. मी मनात निदान करून टाकलं.

“घुमता थोडा, बुवा. मी अँपवर बघते.”

“घुमना नाय गो. तुझी तार उतरली हा.”

मी मनातल्या मनात हसले. माझ्याकडे गिटारीच्या टोकाला चिकटवायचा ट्यूनर असतो. तार छेडली की तो सूर मोजतो. बरोबर असेल तर हिरवा दिवा, चुकीचा असेल तर लाल. मी एकेक तार छेडून दाखवली.

“हो बघा. हिरवो. हो बघा, हिरवो. चारय हिरवे.”

बुवांनी चष्मा वर करून दिवा नीट बघितला.

“दिव्याक कान आसत काय गो?”

टाळवाले हसले. मीही मोठ्या मनाने हसले. वयस्कर माणूस, पहिल्यांदाच हे वाद्य बघतोय, असं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या रिहर्सलला मी तयारीने गेले. अँप लादीवर ठेवला की लादीही त्याच्याबरोबर वाजते, म्हणून तो उचलून लाकडी कदेलावर, म्हणजे खुर्चीवर ठेवला. कदेलाखाली गोणपाट घातलं. अँपवर खालचे, मधले आणि वरचे सूर कमी-जास्त करायची बटणं असतात. त्यातलं खालचं बटण निम्म्यावर आणलं.

कडवं झालं. बुवांनी मेधाकडे बघितलं, मेधाने माझ्याकडे.

“आता कसं?” मी विचारलं.

“आता कमी वाईट,” बुवा म्हणाले. “कारण कमी ऐकू येता.”

घरी येऊन मी दोष तारांवर ढकलला. बेसच्या तारा जुन्या झाल्या की त्यांचा आवाज बसतो, घोंगडीखालून आल्यासारखा येतो. माझ्या दीड वर्ष जुन्या होत्या. पणजीहून नव्या आणल्या. नवरा म्हणाला, “बुवांना तारांचा ब्रँड कळतो म्हणजे मानलं पाहिजे.” मी तारा चढवत राहिले.

तिसऱ्या रिहर्सलला नव्या तारा लख्ख वाजल्या. त्यामुळे जे काही चुकत होतं ते आता लख्ख चुकू लागलं. मी केबल बदलली. मग मेधाच्या शाळेतला स्पीकर आणून अँपच बदलला. भजनीमंडळी प्रत्येक बदलानंतर माझ्याकडे आशेने बघत होती, डॉक्टरने पेशंटला तिसरं इंजेक्शन दिल्यावर नातेवाईक बघतात तशी. भाई खांबाला टेकून उभे होते. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “शुभा, बायो, मनाला लावून घेऊ नको. तुझ्या बीचवर हे बरं लागत असेल.”

हे मनाला लागलं.

खरं सांगायचं तर काहीतरी चुकतंय हे मलाही ऐकू येत होतं. माझ्या घरी मेधा कीबोर्डवर बसायची तेव्हा हीच भजनं सुरेख जमायची. इथे आलं की बेस आणि गाणं शेजारी शेजारी राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या भावांसारखे वागत. पण बावीस वर्षांची सवय अशी की आवाजात दोष आला की हात आधी बटणांकडे जातो.

चौथी रिहर्सल वर्धापनदिनाच्या दोन दिवस आधी, दुपारी चारला होती. मी बेस गळ्यात अडकवला, अँप चालू केला आणि वीज गेली. पंखे थांबले. भाईंनी वीज खात्याला फोन लावला. पलीकडून जे उत्तर आलं त्यावरून तासभर तरी काही होणार नव्हतं.

अँपशिवाय बेस म्हणजे जवळजवळ मुका. वाजवणाऱ्याला ऐकू येतो, शेजारच्याला नाही. बुवांना मात्र विजेची गरज नव्हती. त्यांनी भाता धरला आणि स्वतःशीच गुणगुणायला लागले. मी त्यांच्या समोर बसले. हार्मोनियम एका जुन्या लाकडी बाकावर होती. कंटाळा आला होता, म्हणून मी बेसचं टोक त्या बाकाला टेकवलं आणि एक तार छेडली. लाकडाला टेकवलं की कंप लाकडात जातो आणि बेस बऱ्यापैकी ऐकू येतो. ही आमची जुनी युक्ती. बाक गुणगुणला.

“बुवा, पांढरी सहा धरून ठेवा बघू.”

हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्या मोजल्या तर सहावी पट्टी म्हणजे माझी मोकळी तिसरी तार. दोन्ही एकच सूर, माझा फक्त खालचा. बुवांनी पट्टी दाबली. मी तार छेडली.

बाकातून आवाज आला, वंव-वंव-वंव-वंव.

सुरात सूर मिसळला तर आवाज सरळ, शांत येतो. दोन सूर अगदी जवळ, पण एक नसले तर ते असे हेलकावतात. जितके लांब तितके भराभर. हे मी स्वतः मुलांना शिकवते. अँपच्या गडगडाटात मला हेलकावा गढूळपणा वाटला होता. इथे बाकाला हात लावला तर तो हाताला कळत होता.

मी तारेची खुंटी किंचित पिळली. वंव, वंव. अजून किंचित. वंऽव. मग हेलकावा लांबत लांबत गेला आणि एका क्षणी राहिलाच नाही. बाक एका सुरात वाजत राहिला.

बुवांचे डोळे मिटलेलेच होते. “मेळलो,” म्हणाले. “आता बस.”

मी ट्यूनर बघितला. लालभडक. त्याच्या मते मी बरीच वर चढले होते. म्हणजे हार्मोनियम वर होती. सगळ्या जगात सूर मोजायचं एक ठरलेलं माप असतं, पांढरी सहाला सेकंदाला चारशे चाळीस कंप. कीबोर्ड, गिटार, माझा ट्यूनर सगळे त्यावर चालतात. बुवांची हार्मोनियम चारशे अठ्ठेचाळीसच्या आसपास निघाली. तबला तिला लावलेला. मेधाचा विजेवरच्या तानपुऱ्याचा डबा तिने कानाने तिच्याशी जुळवलेला. बुवांचा गळा तर तिच्याबरोबरच म्हातारा झालेला. मंडपात फक्त एकजण बाहेरची होती आणि ती हिरवा दिवा दाखवत फिरत होती.

“बुवा, तुमची पेटी वर लागलीय!”

“होय तर,” बुवा शांतपणे म्हणाले. “खूप वर्सां झाली. वाडीसून एक माणूस येवन रीडी घासून गेलो. सगळे सूर वर चढले. पण सारखे चढले.”

“मग नीट करून घेतली नाय?”

“कित्याक? गाव तसोच गाता आता.”

“मग माका आधी का नाय सांगलात?”

बुवांनी डोळे उघडले. “सांगलंय. पयल्याच दिसा. तार उतरली हा म्हणान. तू माका दिवो दाखयलंस.”

मेधा तोंडाला पदर लावून खांबाकडे वळली. नव्या तारांच्या पाकिटावर मी काय खर्च केला हे नवऱ्याला पुन्हा सांगायचं नाही, एवढं मी तिथेच ठरवलं.

ट्यूनरमध्ये ते माप बदलायची सोय असते. इतक्या वर्षांत मला ती कधी लागली नव्हती. बटण कुठलं हे मेधाने फोनवर शोधून काढलं. चारशे अठ्ठेचाळीस लावलं, चारही तारा चढवल्या. वीज आल्यावर जुनाच अँप, जुनीच केबल, बटणं होती तिथे. बुवांनी अभंग धरला आणि मी खालून पहिला सूर दिला. टाळवाल्यांपैकी एकाने मान वर करून घुमटाकडे बघितलं. कडवं संपलं तरी बुवा थांबले नाहीत. सगळा अभंग झाला, त्याच्या पाठोपाठ दुसरा झाला.

भाई खांबापाशी वाट बघत होते. “बुवा, मग काय ठरलं?”

“तिका मधी बसव,” बुवा म्हणाले. “कडेक नको.”

वर्धापनदिनाला संध्याकाळी मंडप भरला. आई पहिल्या रांगेत होती, नवीन साडी नेसून, चेहरा दवाखान्यात बसल्यासारखा. भजन सुरू झालं. मी कुठेही हुशारी केली नाही. एक सूर, त्याचा पाचवा, पुन्हा तोच सूर. गजर आला तेव्हा बुवांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली, तिथे तारांवर थोडी धावले आणि परत जागेवर आले. आईचा पाय हलत होता. तिला ते माहीत नसावं, नाहीतर तिने थांबवला असता.

भजन संपल्यावर माणसं बुवांभोवती जमली. मी केबल गुंडाळत ऐकत होते. “बुवा, आज तुमचो आवाज काय भरलेलो होतो!” “ह्या वयात एवढं वजन!” बुवा प्रत्येकाला हात जोडत होते. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मग गर्दीतूनच माझ्याकडे बघितलं आणि गालात हसले. बेसवाल्याला याहून मोठी पावती नसते. लोकांना बेस ऐकू आला नव्हता, त्यांना बुवा जास्त ऐकू आले होते.

आई जवळ आली. बेसला हात लावून बघितला.

“जड आहे काय गो?”

“चार किलो.”

“आणि हॉटेलातसुद्धा हेच करतेस?”

“हेच.”

“मग सांगायचं नाही का,” ती म्हणाली, आणि शेजारणीला बोलवायला गेली.

दोन दिवसांनी शनिवार होता. केरीचं हॉटेल, नेहमीचा बँड, नेहमीचे पाहुणे. मी ट्यूनर लावला, चारही तारांना हिरवा दिवा मिळवला आणि निश्चिंत मनाने पहिलं गाणं सुरू केलं. चौथ्या ठोक्याला आमचा कीबोर्डवाला फ्रान्सिस असा वळला, जणू त्याच्या पायावर कोणी अँप ठेवला. गिटारवाला आपल्या तारा तपासायला लागला. मॅनेजर काउंटरमागून बाहेर आला. माप मी परत चारशे चाळीसवर आणलं नव्हतं.

“शुभा,” फ्रान्सिसने ब्रेकमध्ये विचारलं, “कोणाबरोबर वाजवत होतीस तू?”

“सर्वणबरोबर,” मी म्हटलं.

आता माझ्या गिटारीच्या पेटीत आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तारांचा नंबर नाही, अँपची सेटिंग्ज नाहीत. एवढंच लिहिलंय: आधी त्यांचा सूर घे, मग दिवा बघ. नवरा म्हणतो, हे त्याने मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतं.