धनेशाची राई

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. विंझर गावाच्या खालच्या राईत ती सरपण गोळा करायची. चौथीतून शाळा सुटलेला मी, कोकणातलं घर सोडून संस्थानच्या जंगलखात्यात हद्दीचे दगड लावत होतो. खात्याच्या साहेबांनी पोटाला लावलं म्हणून त्यांचे उपकार मानायचो, आणि त्यांना भ्यायचोही.

संस्थानला पाखरांसाठी एक रान कायमचं राखायचं होतं. तिथं ना बंदूक चालणार, ना कोयता. साहेबांच्या मनात डोंगरावरचं रान होतं, कारण तिथं कुणाची तक्रार येणार नव्हती. गावच्या पाटलांना घेऊन आम्ही राईतून वर निघालो, तेव्हा ती डोक्यावरची मोळी न उतरवताच म्हणाली, "सायेब, आमची राई घ्या. धनेश हितं घरटं करत्यात."

"आन् चूल काय तुझ्या डोस्क्यावर पेटवायची व्हय?" पाटील खेकसले.

"पेटवा की! म्या डोंगरावरनं आणीन सरपण."

मग तिनं झाडाच्या ढोलीकडं बोट केलं. आत मादी दार लिंपून बसली होती, आणि नर बारीक फटीतून तिला फळं भरवत होता.

"त्येला कुणी गोळी घातली, तर आतलीला कोण सांगणार? ती आपली वाटच बघत बसंल."

साहेब ढोलीखाली जाऊन उभे राहिले. मग मला म्हणाले, "दगड इथं लाव."

मी खड्डा खणेपर्यंत ती डोंगराच्या वाटेला लागलीही होती. तिचा माणूस कुठं असतो, हे विचारायचं राहूनच गेलं. दगड रोवताना मला कोकणातलं आमचं अंगण आणि तिथं वाट बघणारी माणसं दिसत होती. मी धड आहे, एवढं तरी तिकडं कुणी जाऊन सांगायला हवं होतं.