सहाजणांची एक नळी

बर्फाची पेटी बसच्या वरच्या फळीवर राहिली आणि टायवाला खाली उतरला. बस वळणाआड गेली तेव्हा त्याच्या एका हातात बॅग होती आणि दुसरा हात टाय सरळ करण्याच्या महत्त्वाच्या कामात गुंतलेला होता. पेटीत कंपनीचे नमुने होते, आधीच तपासून निर्दोष ठरवलेले. ते रक्त तपासायच्या यंत्रात घातले की पडद्यावर हमखास हिरवा रंग यायचा, डॉक्टर मान डोलवायचे आणि पुढचं बोलणं सोपं व्हायचं.

त्याला टायवाला हे नाव रक्तपेढीतल्या लोकांनीच दिलं होतं. सायकल दुरुस्त करणाऱ्या बापाचा हा मुलगा. मार्क असे पडले, की डॉक्टर होता आलं नाही आणि दुकानात बसवायलाही बापाचा जीव होईना. मग तो रक्त तपासण्याच्या पट्ट्या विकायला लागला. तेव्हा धंदा साधा होता. पट्टीवर थेंब टाकायचा, रेघ उमटते का पाहायची. पुढे वारं फिरलं. मोठ्या हॉस्पिटलांनी सांगून टाकलं की नॅट चाचणी झालेलंच रक्त घेऊ, म्हणजे रेघ उमटायची वाट न बघता थेट विषाणूचाच माग काढणारी. लहान रक्तपेढ्या मोठ्यांच्या पदराखाली जाऊ लागल्या. कंपन्या यंत्र फुकट देऊ लागल्या, अट एकच: पाच वर्षं रसायनं आमचीच घ्यायची. कुत्रं फुकट, साखळी मात्र आमच्या दुकानातली, असं टायवाला खासगीत म्हणायचा. मीटिंगमध्ये तो याच गोष्टीला ‘बाजाराचा कल’ म्हणायचा.

तर पेटी गेली होती आणि दुपारी मॅडम, म्हणजे पेढीच्या मुख्य डॉक्टर, खरेदी समितीच्या दोन सभासदांना घेऊन यंत्र पाहायला येणार होत्या. शहाण्या माणसाने तारीख पुढे ढकलली असती. पण टायवाल्याच्या बायकोला सातवा महिना होता, आणि ही यंत्राची मागणी हातची गेली तर कंपनीतले साहेब त्याला लांबच्या भागात फिरतीवर पाठवणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. तो टेक्निशियनबाईंपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, आपल्यापैकीच सहाजणांचं थोडं थोडं रक्त एका नळीत घालून दाखवू. यंत्राची रीतच ती होती. सहाजणांचं एकत्र तपासायचं. नळी साफ निघाली तर सहाही साफ, खर्च सहाव्या हिश्शावर. पडद्यावर लाल निघाली, म्हणजे कुणात तरी विषाणू सापडला, तर एकेकाचं वेगळं तपासायचं.

‘आणि लाल निघाली तर?’ बाईंनी विचारलं.

‘तुमच्याकडे बघून वाटतं का तसं?’ टायवाला म्हणाला. बाई हसल्या आणि फसल्या.

बाई, नर्स, खिडकीवरचा कारकून, वॉचमन आणि तो स्वतः, असे पाच झाले. दुसऱ्या नर्सने सुई पाहून पाय मागे घेतला. दुसऱ्यांच्या हातांना सुया टोचण्यात तिचा जन्म गेला होता, पण स्वतःचा हात पुढे करायचा म्हटलं की तिला घेरी यायची. तेवढ्यात शिबिराच्या गाडीचा ड्रायव्हर किल्ली ठेवायला आला. याला सगळे टाकी म्हणत. कारण शिबिराला गाडी नेली की हा स्वतःही बाही वर करून आडवा व्हायचा. गाडीत काचेपाशी त्याने रक्तदानाचे बिल्ले ओळीने लावले होते, एखाद्या सेनापतीला लाजवतील असे.

‘घे माझं,’ टाकी म्हणाला. ‘पण चहा पाजावा लागेल. वरच्या हॉटेलातला, इथल्या मशीनचा नाही.’

‘एकाचे दोन पाजतो, काका.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुपारी मोठ्या पडद्यावर, मॅडम आणि दोन सभासदांच्या साक्षीने, नळी लाल निघाली.

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. एका सभासदाने तर रंग ठळक दिसतो म्हणून कौतुकही केलं. मग बाईंच्या हातातला पेन खाली पडला. मॅडमनी पडदा बंद केला, सभासदांना आपल्या खोलीत बसवलं आणि परत येऊन अगदी हळू आवाजात टायवाल्याला विचारलं, की घरी तरी तो विचारून वागतो का. मग त्यांनी सहाजणांना वेगवेगळं बोलावून परवानगी घेतली आणि बाईंना एकेकाचं रक्त पुन्हा लावायला सांगितलं. निकाल संध्याकाळी, आणि तो फक्त ज्याचा त्याला.

ती दुपार सहाजणांना सरता सरेना. कारकून एकच पावती तीनदा लिहीत बसला. वॉचमन गेट सोडून आत येई आणि आलो कशाला हे न आठवून परत जाई. नर्स कुणाच्या नजरेला नजर देईना. सकाळपर्यंत एका डब्यात जेवणारी माणसं, आता जो तो दुसऱ्याकडे चोरून बघत होता आणि मनातल्या मनात देवाला सांगत होता, की माझं नको, माझं नको. म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी असू दे, हे कुणी पुरतं बोलत नव्हतं इतकंच.

टायवाला जिन्यावर बसे, उठे, पुन्हा बसे. टाय त्याने कधीच खिशात कोंबला होता. लहानपणी दवाखान्यात एकच सुई सगळ्यांना चालायची, ती आठवली. दोन वर्षांपूर्वी स्वस्तात काढलेली दाढ आठवली. मग बायको आठवली, तिचं पोट आठवलं. नेमका तेव्हाच तिचा फोन आला. येताना पडद्याचे हुक आण, म्हणाली. मग थांबून म्हणाली, ‘तुझा आवाज असा का येतोय?’

‘रेंज नाही इथे,’ तो म्हणाला. रेंज चांगली होती.

संध्याकाळी मॅडमनी एकेकाला आत बोलावलं. बाई बाहेर आल्या त्या पदराने चष्मा पुसत, पण चालीत जीव आलेला. कारकून आला आणि कारण नसताना खो खो हसला. टायवाल्याला आत जेमतेम बसू दिलं असेल. ‘तुमचं साफ आहे. जा,’ मॅडम म्हणाल्या. तो बाहेर येऊन भिंतीला टेकला. असं हलकं त्याला लग्नातही वाटलं नव्हतं. आणि दुसऱ्याच क्षणी त्याने बाकाकडे पाहिलं. आत जायचं राहिलं होतं ते एकट्या टाकीचं.

टाकी बराच वेळ आत होता.

बाहेर आला तेव्हा टायवाला गाडीपाशी उभा होता. टाकीने स्वतःच सांगितलं. कावीळ ‘बी’. इतकी बारीक, की जुन्या चाचणीला सापडलीच नसती. औषधपाणी आहे, नीट राहिलं तर काही होत नाही, मॅडम म्हणाल्या. घरच्यांची तपासणी करायची. रक्त मात्र आता कधीच द्यायचं नाही.

‘ते जाऊ दे रे,’ टाकी म्हणाला. ‘मागच्या शिबिरात दिलं ते कुणाला गेलं असेल?’

टायवाल्याकडे बाजाराच्या कलाबद्दल तासभर पुरेल एवढं बोलणं होतं. ते त्याने बाजूला ठेवलं. मॅडम शोध घेतील, पिशवीवरून माणूस सापडतो, असं काहीतरी तो बोलला. टाकीने मान हलवली, दार उघडलं आणि बिल्ले एकेक करून काढायला लागला. एक बिल्ला गंजून काचेला घट्ट चिकटला होता. तो निघेना, म्हणून तसाच राहू दिला.

‘काका, चहा राहिला आपला. चला ना वर.’

‘आज नको. कुणाच्या कपात पिऊ?’

‘कपाने काही होत नाही. माझ्या मीटिंगच्या स्लाइडवर लिहिलंय तसं.’

‘तुझ्या स्लाइडला माहीत आहे रे,’ टाकी म्हणाला, ‘माझ्या बायकोला कुठे माहीत आहे?’ आणि गाडी सुरू केली.

मागणी मिळाली. जुन्या चाचणीतून निसटलेलं यंत्राने पकडलं म्हटल्यावर समितीने फारशी घासाघीस केलीच नाही. साहेबांचा फोन आला, आवाजात लाडू फुटत होते. ही केस पुढच्या मीटिंगला दाखवू, नाव न घेता, म्हणाले. टायवाला बरं म्हणाला आणि अजून ती स्लाइड त्याने केलेली नाही. साहेब आठवण करतात, तो रेंज नसल्याचं सांगतो.

ज्या रुग्ण बाईंना टाकीचं रक्त गेलं होतं त्या सापडल्या. तपासणीला येणार आहेत, निकाल अजून यायचा आहे. टाकी रोज सकाळी मॅडमच्या दाराशी जाऊन विचारतो आणि मग शिबिराला गाडी नेतो. आता तो आडवा होत नाही, बाहेर उभा राहून लोकांना रांगेत लावतो.

टायवाला रसायनं पोचवायला येतो तेव्हा वरच्या हॉटेलात दोन चहा सांगतो. एक पितो. दुसऱ्यावर साय धरेपर्यंत खिडकीतून खाली गाडीकडे बघत बसतो.