साडूभाऊंचं ठरत नाही

मुंबईत राहावं की राहू नये, या प्रश्नावर आमच्या साडूंनी जेवढा विचार केला आहे तेवढा आजवर कोणी केला नसेल. ते अमळनेरजवळच्या एका खेड्यातले. बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी मुंबईला गेले आणि त्या आठवड्यापासून ‘हे शहर आपल्याला परवडणारं नाही’ असं म्हणत तिथेच निवृत्त झाले. मी जळगावच्या शाळेत मास्तर. मला जळगाव सोडावं की नाही असं कधी कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या हेव्याची सुरुवात तिथूनच आहे. माणसाला सोडायला काहीतरी मोठं असावं लागतं.

दर दिवाळीला ते यायचे आणि घरात वारं शिरल्यासारखं व्हायचं. बोलणं भरभर, जेवण भरभर. धुळ्याहून एस.टी.ने येताना एरंडोल सुटलं की हे पिशवी घेऊन दाराशी उभे. कंडक्टर म्हणायचा, काका, जळगावला अजून वेळ आहे, बसा. हे बसत नसत. संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो की कॉलनीला त्यांच्या दोन फेऱ्या व्हायच्या, माझी एक. दुसऱ्या फेरीत मला मागे टाकताना ते पाठीवर थाप मारून जायचे. ती थाप मला मुळीच आवडत नसे. रात्री माझी बायको त्यांच्या सतराव्या मजल्यावरच्या खिडकीचं कौतुक ऐकत बसायची आणि मी आमच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाबद्दल बोलायला सुरुवात केली की ताटं उचलायला उठायची.

त्यांचा खरा छंद म्हणजे लोकांची मतं गोळा करणं. भाजीवाली, रिक्षावाला, लग्नात शेजारच्या पाटावर बसलेला अनोळखी माणूस, सगळ्यांना एकच प्रश्न: मुंबईत राहण्यात अर्थ आहे का? दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात कापूस असताना त्यांनी डॉक्टरांना तो कागदावर लिहून विचारला होता. गंमत अशी की उत्तर कुठलंही येवो, हे उलट बाजू घ्यायचे. कोणी म्हणालं, काय ती धावपळ, गावी या, की त्यांना मुंबईचं पाणी, दवाखाने, वाचनालयं आठवायची. कोणी मुंबईची बाजू घेतली की लगेच पोपडे उडालेल्या भिंती आणि दोन वर्षांत शेजाऱ्याचं नाव न कळल्याची तक्रार. त्यामुळे चाळीस वर्षांत काही ठरलं नाही.

निवृत्तीनंतर मात्र त्यांनी मनावर घेतलं. आमच्या मागच्या बाजूचं एक लहान घर विकायला निघालं होतं. ते घ्यावं का, हे ठरवण्यासाठी जानेवारीत महिनाभर आमच्याकडे राहून बघायचं, असं त्यांनी कळवलं. मेव्हणीबाई म्हणाल्या, मी कुठेही राहीन, पण यांचं एकदा काय ते ठरू द्या. दोघी बहिणींची लग्नानंतर ताटातूट झाली होती, ती आता संपणार म्हणून माझी बायको भलतीच खुशीत होती. वरची खोली तिने दोनदा पुसून काढली.

आठ दिवसांत साडूंनी कॉलनी जिंकली. दूधवाला त्यांच्याशी अहिराणीत बोलायला लागला. माझ्याशी तो वीस वर्षं फक्त मानेने बोलतो. कोपऱ्यावरचे निवृत्त तहसीलदार, ज्यांच्याशी मी कुंपणाच्या फांद्यांवरून अबोला धरला होता, ते सकाळी फाटकाशी येऊन ‘पाहुणे उठले का’ विचारू लागले. मुंबई त्यांची होतीच, आता जळगावही निघालं हातातून, असं मला वाटायला लागलं.

शेवटच्या आठवड्यात तहसीलदारांनी शेतावर भरीत पार्टी ठेवली. बोलावणं साडूंना होतं, मलाही या म्हणाले. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. साडू उकिडवे बसून ती स्वतः परतत होते, आणि चारचौघं त्यांच्या गोष्टींना हसत होते. मध्येच ते उठून माझ्याजवळ बांधावर आले. धुराने डोळे लाल झाले होते.

“गुरुजी, आठे बठ्ठं चांगलं शे,” इथे सगळंच चांगलं आहे, असं ते म्हणाले. मग हळू आवाजात, “आजवर शंभर जणांना विचारलं, तुम्हाला कधी विचारलं नाही. खरं सांगा, येऊ का राहायला?”

मागे कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. माझ्या शेतावर मला कोणी अशी हाक मारली नव्हती. मला शेत नाही, ही गोष्ट वेगळी.

“उन्हाळा सोसणार नाही तुम्हाला,” मी म्हणालो. “तुमचं बी.पी., आणि इथला मे महिना.”

आता ते उलट बाजू घेतील, म्हणून मी थांबलो. माझी त्यावरच भिस्त होती. पण ते वाद घालायला विसरले. मान हलवली, माझा हात दाबला आणि म्हणाले, “तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार.” जन्मात एकाच माणसाचं मत त्यांनी जसंच्या तसं घेतलं, आणि तो मी निघालो.

ते मुंबईला परत गेले. मागचं घर कोणा तिसऱ्यानेच घेतलं. चार दिवसांनी बायको म्हणाली, ताईलाच मुंबई सोडवली नसेल. मी वर्तमानपत्र उलगडलं.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. बाहेर अंगण भट्टीसारखं तापलं होतं आणि मी डोक्यावर ओला पंचा घेऊन बसलो होतो. ऊन कसं आहे, त्यांनी विचारलं.

“यंदा काही विशेष नाही,” मी म्हणालो. “संध्याकाळी तर गार वारं सुटतं.”

मला वाटलं, मग मला का अडवलंत म्हणून आता तरी भांडतील. पण ते एवढंच म्हणाले, “बरं झालं. काळजी वाटत होती तुमची.” आणि हिला बहिणीशी बोलायचंय म्हणाले. मी फोन बायकोच्या हातात दिला आणि त्या दोघींचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून उन्हात जाऊन उभा राहिलो.