बोळाकडची खिडकी

बाळांनो, तुम्ही मागे पाठवलेला व्हिडिओ मी तेव्हाच दोनदा पाहिला. पहिल्या खेपेला रागाने नीट ऐकूच आलं नाही. गॉगल लावलेला एक तरुण आपल्या पेठेतल्या इमारतीच्या बोळात उभा राहून सांगतो आहे की या छोट्या खिडकीतून राणीसाहेब पाखरांना पाणी घालत असत, आणि खिडकीच्या दगडात कोरलेली पन्हळ त्यासाठीच आहे. मागे बासरी वाजते आहे. खाली तुम्ही दोघांनी लाल बदामाचं चित्र टाकून विचारलं आहे, "आजी, कुठली राणी?"

कुठलीही नाही. ती इमारत दारूचा गुत्ता होती. राणीसाहेब गुत्त्यात कशाला येतील?

परक्या माणसांनी काय मानायचं ते मानावं. पण ती इमारत तुमच्या खापरपणजोबांनी बांधली, आणि उद्या तुम्ही तिकडे तुमच्या मित्रमैत्रिणींना ही पाखरांची गोष्ट सांगाल. तसं होऊ नये म्हणून, इथलं सगळं मार्गी लागल्यावर, आज लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मला ते अवघड नाही. जन्मभर शाळेत तेच शिकवलं. पण इंग्रजीत लिहायला लागले की मीही गोड शब्द शोधू लागते. म्हणून मराठी. अडेल तिथे आईला विचारा.

आधी इमारत सांगते. पेठेच्या वळणावर, खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या भिंती, सागवानी खांब, मंगलोरी कौलं. खाली दुकान आणि वर माल ठेवायची जागा. आपण कधी तिथे राहिलो नाही, आपलं घर पलीकडच्या आळीत. भोर संस्थान होतं तेव्हा दारू विकायचा मक्ता दरबार देत असे, आणि तो मक्तेदार आपली ही जागा भाड्याने घेत असे. घरात तिला कोणी गुत्ता म्हणत नसे. "खालची जागा" म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही काही शेताची जागा असेल.

संस्थान विलीन झालं, मग दारूबंदी आली, आणि त्याच बाकांवर चहाचं हॉटेल सुरू झालं. पुढे काही वर्षांनी परमिट रूम झाली, हिरव्या ऑइलपेंटची, दाराला पडदा असलेली. ती बंद पडल्यावर खतांच्या गोण्या. मग नुसती धूळ.

आता खिडकी. बोळ इमारतीच्या आतल्या जमिनीपेक्षा बराच खाली आहे. त्यामुळे आतल्या माणसाच्या कमरेशी येणारी खिडकी बाहेरच्या माणसाच्या डोक्यावर येते. तिच्या उंबऱ्यात बाहेरच्या बाजूला उतरती दगडी पन्हळ आहे. ज्यांना पुढच्या दाराने आत घेत नसत, त्यांना दारू या पन्हळीतून मिळे. आतून ओतायची, बाहेर त्यांनी ओंजळीत नाहीतर आपल्या करवंटीत झेलायची. भांड्याला भांडं लागू नये म्हणून ही सोय दगडात कोरून घेतली होती. कोणाला आत घेत नसत हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या आईने तुम्हाला तेवढं शिकवलं आहे.

दारू गेली, चहा आला, खिडकी तशीच. फक्त बाहेरच्या कोनाड्यात वेगळ्या कपबशा आल्या. प्यायलं की ज्याने त्याने धुऊन ठेवायच्या. हे मला सासूबाईंनी सांगितलं. पापड कुठल्या डब्यात आहेत ते सांगावं तितक्या सहज सांगितलं.

मी आले तेव्हा खिडकीला आतून फळी ठोकलेली होती. ती का ठोकली, हे मात्र सासूबाईंनी नाही, माझ्या मैत्रिणीने सांगितलं. ती आमच्या शाळेत मराठी शिकवायची, पुढे मुख्याध्यापिका झाली. इतक्या वर्षांची मैत्री, पण आम्ही अजून एकमेकींना "अहो बाई" म्हणतो. शाळेची सवय. तिचे वडील आणि वस्तीतले आणखी दोघे तरुण एका सकाळी पुढच्या दाराने हॉटेलात शिरले आणि बाकावर बसले. मालकाने चहा दिला नाही. ते उठले नाहीत. भट्टी विझेपर्यंत बसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले. गिऱ्हाईक तुटायला लागलं तेव्हा मालकाने तीन कप आणून आदळले. त्यानंतर ते रोज येत गेले, आणि खिडकी बंद झाली. तिच्या वडिलांनी पुढे नोकरी केली, मुलांना शिकवलं, पण ते दोन दिवस त्यांना सगळ्यात मोठे वाटत. त्यांचं नाव कुठे लागलं नाही, कोणी फोटो काढला नाही. त्यांच्या मागे त्या दोन दिवसांची खूण म्हणून उरली ती एवढी एक बंद खिडकी.

आता तुमच्या पुण्याच्या काकाकडे येते. माझ्या दिरांचा मुलगा. मनाने वाईट नाही, पण त्याला प्रत्येक जुन्या वस्तूत एक हॉटेल दिसतं. शनिवार-रविवारी राजगडाला जाणारी पोरं, धरणाच्या कडेला येणाऱ्या गाड्या, शूटिंगला येणारी माणसं, सगळे म्हणे भोरमध्ये बसायला चांगली जागा शोधत असतात. म्हणून या जागेचा "हेरिटेज बार" करायचा. मला हरकत नव्हती. दारूच्या दुकानाचं दारूचं दुकान होणार, त्यात कसली हरकत? मागची भिंत पाडा, लोखंडी तुळया घाला, स्वच्छ संडास बांधा. शेवटचं तर मी स्वतः आग्रहाने सांगितलं.

पुण्याहून एक आर्किटेक्ट मुलगी आली. हुशार आणि मेहनती. तिने फळी काढून खिडकी मोकळी केली, पन्हळीवरची माती ब्रशने साफ केली आणि तुमच्या धाकट्या आजोबांना, म्हणजे माझ्या दिरांना, विचारलं, "हे काय होतं?" दीर म्हणाले, "राणीसाहेबांचं काहीतरी असेल."

"असेल" म्हणाले. एवढ्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. मुलीने ते नकाशावर लिहिलं, काकाने गॉगलवाल्याला सांगितलं, गॉगलवाल्याने पाखरं घातली. आता रविवारी माणसं बोळात येऊन पन्हळीवर तांदूळ ठेवून जातात. मी दिरांना जाब विचारला तर म्हणतात, "वहिनी, पोरगी परकी. तिच्यापुढं घरातलं कशाला काढायचं?"

मी मैत्रिणीला फोन केला. तिने व्हिडिओ आधीच पाहिला होता. "बाई, मला ती जागा एकदा दाखवा," एवढंच म्हणाली.

आम्ही गेलो तेव्हा काम जोरात होतं. आर्किटेक्ट मुलगी उत्साहाने पुढे आली. "आजी, इथे आपण कॉफी काउंटर करतोय! लोक बोळातून येणार, खिडकीतून कॉफी घेणार, फोटो काढणार."

"बोळात उभं राहून?" माझ्या मैत्रिणीने विचारलं.

"हो! तीच तर गंमत आहे."

मैत्रीण बोळात उतरली. तिची उंची बेताची, उंबरा तिच्या डोक्याच्या वर. "बाळ, जरा इथे ये. हात वर कर. आता ओंजळ धर." मुलीने हसत हसत धरली. तिला वाटलं फोटोच काढायचा आहे. "अशीच थांब. माझे आजोबा असे उभे राहायचे. पैसे आधी त्या दगडावर ठेवायचे. त्यावर पाणी शिंपडून आतला माणूस ते उचलायचा. मग वरून ओतायचा. सांडलं तर सांडलं."

मुलीचे हात हळूहळू खाली आले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

काका मागे उभा होता. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुझ्या वडिलांना माहीत होतं. ते लहानपणी इथे रोज भजी खायला यायचे."

दीर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. "त्याला किती वर्षं झाली! मला काय आठवतंय?" म्हणाले. ती भजी कुठल्या कढईत तळत आणि चटणीत काय घालत, हे त्यांनी आदल्याच दिवशी त्या मुलीला सांगितलं होतं.

काकाने कपाळावरचा घाम पुसला. "मग बुजवूनच टाकतो. वादच नको. मिस्त्री, उद्या हितं वीट लावून घ्या."

"व्हय, लावतो की," मिस्त्री म्हणाला. त्याला कुठल्याही बाजूने दिवसाची मजुरी मिळणार होती.

"का बुजवता?" माझी मैत्रीण म्हणाली. आवाज चढवला नाही, मुख्याध्यापिकेचा तोच आवाज. "बुजवलीत की तुमचीच नातवंडं म्हणतील, असलं काही आमच्याकडे नव्हतंच. आणि माझ्या वडिलांनी काय केलं ते मी कशावर बोट ठेवून सांगू? ठेवा ती. पण तिथून कॉफी विकू नका, आणि होतं ते लिहा."

"लिहा म्हणजे? बारमध्ये पाटी लावू? गिऱ्हाईक येईल का असलं वाचून?"

"प्यायला आलेला माणूस पाटी वाचत नाही. काळजी करू नका."

मिस्त्री एवढा मोठ्याने हसला की काकालाही हसू आलं. दीर मात्र उठून गेले.

माझं कशाने डोकं फिरतं ते सांगते. आपल्या लोकांना दोनच गोष्टी येतात, हार घालायचा नाहीतर पुरायचं. मधली वाट, जे होतं ते आहे तसं सांगायची, कोणाला दिसत नाही. त्या आठवड्यात नात्यातल्या सगळ्यांचे फोन येऊन गेले. "कशाला जुनं उकरता? आता कोण पाळतंय?" मी म्हटलं, कोणी पाळत नसेल तर सांगायला भीती कसली? असं विचारणाऱ्यांपैकी एकाने त्याच फोनवर, मुलासाठी स्थळ बघतोय, सगळं चालेल, फक्त आपल्यातली हवी, असंही सांगितलं. त्या दोन वाक्यांमध्ये त्याने श्वाससुद्धा घेतला नाही.

शेवटी मला माझ्या हातात होतं ते करावं लागलं. प्रॉपर्टी कार्डावर माझंही नाव आहे, आणि बदललेल्या नकाशाला माझी सही लागणार होती. मी सांगितलं, खिडकी राहील, काउंटर होणार नाही आणि पाटीचा मजकूर माझी मैत्रीण लिहील. तोवर सही नाही. काका म्हणाला, "काकू, तुम्ही ब्लॅकमेल करताय." मी म्हटलं, "हो." एवढं स्पष्ट उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं.

मजकुराचाही खेळ झालाच. खिडकी कोणासाठी होती आणि ती कोणी बंद पाडली, एवढंच सांगणारी साधी चार वाक्यं मैत्रिणीने लिहून दिली. काकाने ती कोणालातरी दाखवून आणली आणि परत आलं ते असं: "पूर्वी या खिडकीतून काही ग्राहकांना विशेष सेवा दिली जात असे." विशेष सेवा! मी तो कागद फाडला. दुसऱ्या खेपेला विशेष सेवा गेली, पण "सामाजिक सलोख्याचं प्रतीक" आलं. तेही फाडलं. तिसऱ्या खेपेला आर्किटेक्ट मुलीनेच कोणाला न विचारता मैत्रिणीची मूळ वाक्यं जशीच्या तशी दगडात कोरायला पाठवली आणि मग काकाला सांगितलं. दगडावरचं खोडता येत नाही, हे तिला बरोबर ठाऊक होतं. मी सही केली.

उद्घाटनाला काकाला नवीनच सुचलं. फीत माझ्या मैत्रिणीने कापावी. हार, शाल, नारळ, सगळं आणून ठेवलं. तिने फोनवरच सांगितलं, "मी पीत नाही, आणि मला शाली फार झाल्यात." काका दुखावला. तिने नाही का म्हटलं, हे मी त्याला समजावायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. या वयात माझीही शक्ती बेताची आहे.

ती उद्घाटनानंतर काही दिवसांनी आली. दुपारची वेळ, बार बंद. आत गेली नाही. बोळात उतरून पाटी वाचली, दोन्ही बाजूंनी अक्षरं नीट तपासली आणि म्हणाली, "वडिलांचं नाव बरोबर आलंय. चला, चहा करा." घरी येऊन आम्ही चहा घेतला. दीर त्या दिवशी आमच्याकडेच होते. खाली मान घालून पेपर वाचत बसले. ती निघताना ते उठून दारापर्यंत आले. ते काही म्हणतील याची तिने वाट पाहिली नाही.

गॉगलवाल्याचा व्हिडिओ अजून तसाच आहे. मी खाली खरं काय ते लिहिलं, त्याने त्यावर नमस्काराचे हात टाकले, बाकी काही बदललं नाही. तांदूळ ठेवणारे अजून येतात. पाटी वाचून त्यातले काही परत जातात, काही वाचत नाहीत. तुम्ही पुढच्या खेपेला याल तेव्हा काका तुम्हाला पुढच्या दारापाशी उभं करून फोटो काढेल. काढू द्या. मग एकटेच बोळात जा.

जुन्या इमारतीतलं आज एवढंच शिल्लक आहे: रस्त्याकडची भिंत, काळ्या दगडाचं जोतं, वरच्या मजल्यावरचे सागवानी खांब आणि बोळाकडची खिडकी, पन्हळीसकट.