सुहासची बोट आणि माझा धसका

कॅरलचा फोन आला तेव्हा मी दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. फेब्रुवारीत मिनेसोटाच्या ईडन प्रेरीला बरी कोथिंबीर मिळणं म्हणजे नशीबच लागतं, त्यामुळे माझं सगळं लक्ष तिच्यात. कॅरल आमची शेजारीण. रडत रडत म्हणाली, सुहास पडलाय, ॲम्ब्युलन्स बोलावलीय, तू आहेस तशी निघून ये. आणि मी बाई काय विचारावं? "कुठल्या लेकवर?" बाहेर गुडघाभर बर्फ, गावातले लेक, म्हणजे तळी, दगडासारखी गोठलेली, बोट गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली झोपलेली... आणि माझा नवरा आमच्याच ड्राइव्हवेवर बर्फ उपसता उपसता कोसळला होता. तरी माझ्या तोंडून निघालं ते पाणीच. ज्या बातमीचा धसका घेऊन मी सगळा संसार केला, ती आली खरी, पण भलत्याच ऋतूत आणि भलत्याच जागेवरून. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तोवर सगळं संपलं होतं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, बाईला पाण्याचं काय एवढं? तर मी हर्णैजवळच्या गावातली. लहानपणी आमचे दादाकाका होडी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. त्या दिवशी वारा नव्हता, ढग नव्हते, काहीच नव्हतं. काकू पुढे कित्येक वर्षं संध्याकाळ झाली की वाळूत जाऊन उभी राहायची. कोणी हाक मारली की म्हणायची, "आलेच हं." आम्हा पोरींना तिची भीती वाटायची, आणि मग तिच्यासारखं आपलं होईल याची. समुद्राकाठी वाढलेल्या माणसांना पाण्याचं कौतुक नसतं. ते असतं सुहाससारख्यांना. हा माणदेशातला, टँकर आला की पोरं हंडे घेऊन नाचत सुटतात अशा गावचा. मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून मिनेसोटात एमएसला आला आणि पहिल्यांदा लेक सुपिरिअर बघितला, तेव्हा म्हणे हा तासभर काठावरून हललाच नाही. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, आणि वर पाणी गोड! "अगं, पिता येतं ते!" लग्नानंतर मला तिथे पहिल्यांदा नेलं तेव्हा ओंजळ भरून पिऊन दाखवलं होतं. मी म्हटलं, गोड असो नाहीतर खारट, माणूस बुडायचा तो बुडतोच. त्यावर तो एवढा हसला होता की शेजारचे लोक वळून बघायला लागले.

मासेमारीचा नाद त्याला ऑफिसातल्या वेंडलने लावला. सुहासचं घर शाकाहारी, मासा हातात कसा धरायचा तेही माहीत नाही, आणि हे महाशय निघाले सामन पकडायला. पहिला मासा आणला तो चक्क उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. खवले मी काढले, तुकड्या मी केल्या, कोकम आणि तिरफळ घालून कालवण मीच केलं, आणि तो शेजारी उभा राहून "काटा कुठे असतो गं?" विचारत बसला. मग जुनी बोट आली. पुढे काच, वर छोटं छप्पर, आत चार माणसं दाटीवाटीने. पाहुणे आले की हा डायनिंग टेबलवर लाटणं घेऊन ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीतून मासे धरणं, समजावायचा. लाटणं म्हणजे बोट. बोट चालायची माणसाच्या चालण्याच्या वेगाने, मागे लांबच लांब दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला माशांना भुलवायला चमचम करणारे पत्र्याचे चमचे. सामन खोल पाण्यात असतो म्हणून एकेका दोरीला पोलादी तारेवरच्या शिशाच्या वजनाने खाली न्यायचं. स्टीलहेड मासा वरवर फिरतो, त्याच्या दोऱ्या बाजूला पसरायच्या. "आणि मग?" पाहुणे विचारायचे. "मग काही नाही, हळूहळू जात राहायचं," हा म्हणायचा आणि लाटणं आमटीच्या पातेल्याभोवती फिरवायचा. पाहुणे हसायचे. मला त्या लाटण्याकडेही बघवायचं नाही.

एक अट मी घातली होती. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होड्या काढत नाहीत. तर इथेही सीझनच्या पहिल्या दिवशी नारळ द्यायचाच. सुहासने वाद घातला नाही. लेकच्या काठी, डुलुथच्या पुढे टू हार्बर्स गावाला बोट पाण्यात उतरवायचा उतार आहे, तिथे मेच्या थंडीत कुडकुडत मी हळद-कुंकू वाहिलं आणि त्याने नारळ पाण्यात सोडला. वारा काठाकडे होता. नारळ डुलत डुलत निघाला, थोडा पुढे गेला आणि परत आमच्या पायाशी. सुहासने लांब फेकला. परत आला. तिसऱ्यांदा वेंडलने हात फिरवून दणकून भिरकावला, तर तोही थोड्या वेळाने दगडाला येऊन लागला. "आपला लेक उपास करतोय वाटतं," सुहास म्हणाला. सगळे हसले, मी मात्र नारळाकडे बघत राहिले. ज्याला नारळ नको त्याला काय हवं असेल, हा विचार मनात आला तो आलाच. असलं बोलून दाखवायचीही चोरी. मी कॉम्प्युटरवर काम करणारी शिकलेली बाई, कोणाला सांगणार?

त्याच्या बोटीत मी फिरायला म्हणून एकदाच गेले. जून होता, लख्ख ऊन, पाणी तुपासारखं थिजलेलं. "आज नाही आलीस तर कधीच येणार नाहीस," असं तो म्हणाला आणि मी भरीस पडले. तास दोन तास बरे गेले. मी डब्यातली थालीपीठं काढली आणि वर बघते तो काठ नाही! कोणी पुसून टाकावा तसा नाही. धुकं कुठून आलं कळलंच नाही. बोटीचं पुढचं टोकही धूसर झालं, वारा सुटला, लाटा उठल्या. आणि मग तो भोंगा वाजला. खनिज नेणारी ती जहाजं असतात ना, अख्खी आळी मावेल एवढी, त्यातलं एक कुठेतरी होतं. पण कुठे? धुक्यात आवाज चहूकडून येतो. सुहास म्हणाला, "थांब, ऐकू दे," आणि त्याने इंजिन बंद केलं.

चुकलं ते तिथे. दोऱ्या आणि वजनं पाण्यात असताना बोट थांबवायची नाही, हा ट्रोलिंगचा पहिला नियम. त्यानेच मला लाटण्यावर शिकवलेला. बोट चालत असते तोवर सगळं मागे ताणलेलं राहतं. थांबली की वजनं सरळ तळाला जातात. आम्ही वाऱ्याने खडकाळ, उथळ भागाकडे सरकत होतो आणि एक वजन जाऊन कपारीत अडकलं. तार ताठ झाली, बोटीचं मागचं तोंड खाली ओढलं गेलं आणि एक लाट सरळ आत आली. बर्फाचं पाणी हो ते! पाय जळल्यासारखे झाले. दुसरी लाट आली. सुहास तार तोडायला पक्कड घेऊन मागे झेपावला, अर्धा बाहेर लटकला, आणि मी त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसले. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी जवळ. सुहासने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या माणसाचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. पांढराफटक. तोवर मला वाटत होतं की घाबरायचं काम माझं आणि निभावून न्यायचं त्याचं. त्या क्षणी कळलं की निभावणारं इथे कोणीच नाही, आणि मी देवाचं नाव घ्यायचं सोडून नुसती "इरा, इरा" करत राहिले. इरा आमची लेक. तेव्हा शाळेत होती, मैत्रिणीकडे सोडून आलो होतो.

तार तुटली. बोट उसळून वर आली, इंजिन सुरू झालं, आणि जीपीएसवर नजर ठेवून आम्ही कसेबसे धक्क्याला लागलो. जहाज आमच्यापासून बरंच लांब होतं असं नंतर कळलं. काठावर मी आधी ओकले आणि मग पार्किंग लॉटमध्ये उभी राहून त्याला मराठीत अशा शिव्या घातल्या की माझ्या माहेरच्या कोळणींनी कान धरले असते. तो ओला उभा होता. "चूक झाली," एवढंच म्हणाला. पुढच्या शनिवारी परत गेला!

त्या धुक्याच्या दिवशी घरी परतताना मी त्याला विचारलं होतं, तुला भीती नाही का रे वाटत? "वाटते की. दर वेळी वाटते." मग जातोस कशाला मरायला? "इकडे सगळं येतं मला," म्हणाला. "मीटिंगा येतात, टॅक्स येतात, बर्फ काढता येतो. तिथे काहीच हातात नसतं. बरं वाटतं यार..." मला काही ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्यानंतर त्याने नेम ठेवला. काठाला लागला की आधी फोन, मग बाकीचं. "लागलो गं." तो फोन येईपर्यंत मी घरात काहीबाही रांधत राहायची. त्यामुळे आमच्याकडे मासा आला नाही तरी शनिवारी जेवायला चार भाज्या असायच्या. पुढे वेंडलचे गुडघे गेले आणि इरा बापाबरोबर जायला लागली. तेव्हापासून माझा जीव दोन ठिकाणी टांगलेला.

सुहास गेल्यावर मी ठरवून टाकलं की बोट विकायची. इराला सांगितलं. ती आता जनावरांची डॉक्टर आहे, सेंट पॉलला राहते, घोड्यांच्या लाथा चुकवते, बापासारखीच उंच आणि बापासारखीच हट्टी. मे उजाडला आणि एका शनिवारी सकाळी ती गाडी घेऊन दारात. बोटीवरची ताडपत्री काढायला लागली. "आय ॲम टेकिंग हर आउट, आई." कोणाबरोबर? "बाय मायसेल्फ." झालं! गॅरेजमध्ये आमची जी जुंपली... मी म्हटलं मी चावी देणार नाही. ती म्हणाली चावी माझ्याकडेच आहे. मी म्हटलं, तुझा बाबा असता तर एकटीला पाठवलं नसतं. तशी ती वळली आणि थंड आवाजात म्हणाली, "आई, तू आयुष्यभर लेकला घाबरलीस. अँड बाबा डाइड ऑन द ड्राइव्हवे."

पोरीने मारलं ते वर्मावरच. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले. "म्हणूनच ना गं! पूर्वी मला वाटायचं, पाणी तेवढं सांभाळलं की बाकी सगळं सुखरूप आहे. आता दारातसुद्धा माणूस जातो हे बघितलंय मी. आता तुला कुठे म्हणून सोडू?" इरा ताडपत्रीचं टोक हातात धरून उभी राहिली. मग डोळे पुसत म्हणाली की तिलाही भीती वाटतेय, पण बोट अशी झाकून ठेवलेली तिला बघवत नाही. एकटीने बोटीचं चाक धरायचं आणि दोऱ्याही सोडायच्या, हे कसं जमवणार ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"मी येते," मी म्हटलं.

का म्हटलं देव जाणे. इरा आधी हसली. मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. वाटेत दोन वेळा गाडी थांबवायला लावून मी परत फिरायची तयारी केली, लाज कशाला वाटून घ्यायची? पण परत फिरून करणार काय? घरी जाऊन चार भाज्या करायच्या आणि कोणाच्या फोनची वाट बघायची? टू हार्बर्सच्या उतारावर तिने मला लाइफ जॅकेट घातलं, पट्टे श्वास अडेल एवढे आवळले, आणि चाकामागच्या सीटवर बसवलं. ऊन होतं, पाणी शांत होतं. माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. काठ मागे मागे गेला. शेजारी उभं राहून चाक धरलेल्या इराने इंजिन अगदी हळू केलं, "जस्ट कीप हर स्ट्रेट," म्हणाली, आणि दोऱ्या सोडायला मागे जाता जाता थांबली.

"आई, सीट पुढे घेऊ? तुझे पाय फूटरेस्टला पोचत नाहीयेत."

खाली बघितलं तर खरंच. सुहास उंच, सीट त्याच्या मापाने पार मागे सरकवून ठेवलेली. गेल्या ऑक्टोबरमध्ये तो उतरला, त्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता. माझे बूट हवेत लोंबकळत होते. इराने वाकून सीटखालच्या खटक्याला हात घातला, तसं मी तिचं मनगट धरलं.

"राहू दे," म्हटलं. "तू मागचं बघ."

ती मागे गेली. मी सीटच्या अगदी कडेला सरकले, चाक दोन्ही हातांनी आवळून धरलं, आणि घाबरत घाबरत बोट सरळ ठेवली.